मनगटातली फट

एक्स-रेसाठी डावाच हात का घेतात, असं त्या पोरानं मला विचारलं होतं आणि मला सांगता आलं नव्हतं. २०१५ चा उन्हाळा होता. कोल्हापुरातल्या एका एक्स-रे सेंटरच्या बाकड्यावर आम्ही नंबर यायची वाट बघत बसलो होतो. पोरगा पंधरा वर्षांचा. उंची पाच फूट नऊ इंच, ओठावर मिसरूड, आवाज फुटून वर्ष झालेलं. फुटबॉलमध्ये स्टॉपरला खेळायचा. कॉर्नरला उडी मारली की शेजारचे दोघं त्याच्या खांद्याशी राहायचे. राष्ट्रीय संघासाठी पोरं शोधणाऱ्यांनी त्याला एकदा पाहिलं होतं, दुसऱ्यांदा बोलावलं होतं, आणि येताना हाडांच्या वयाचा रिपोर्ट आणा म्हणून कळवलं होतं.

आत गेल्यावर तिथल्या माणसानं त्याचा पंजा प्लेटवर ठेवला. "बोटं फाक. हलू नको." दोन सेकंदांचं काम. अर्ध्या तासानं डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि मला जवळ बोलावलं. मनगटाजवळ दोन लांब हाडं येऊन संपतात. त्यातल्या अंगठ्याकडच्या हाडाच्या टोकाला, जरा अलीकडं, काळी आडवी रेघ दिसते. ती वाढीची फट. तिथं अजून कूर्चा असते आणि कूर्चा एक्स-रेत काळी दिसते. वाढ संपली की तिचं हाड होतं, फट बुजते. या पोराच्या फिल्मवर ती रेघ मधोमध पुसली गेली होती, दोन्ही कडांना तेवढी शिल्लक होती.

"ह्याचं हाडाचं वय सतराच्या पुढं दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

त्याचा जन्मदाखला माझ्या पिशवीत होता. सरकारी दवाखान्यातला जन्म, फेब्रुवारी २०००, नोंद जन्मानंतर आठवड्याच्या आत झालेली. मूळ कागद मी हातात घेऊन पाहिला होता. त्यात काही खोट नव्हती. मी डॉक्टरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, खोट असलीच पाहिजे असं नाही. काही पोरं लवकर वाढतात. वर्ष-दोन वर्षं पुढं असणं निरोगी पोरातही दिसतं. पण रिपोर्टवर मी जे दिसतंय तेच लिहिणार.

त्यांनी तेच लिहिलं. मी रिपोर्ट पाठवला. त्यानंतर बोलावणं आलं नाही. नकाराचं पत्रही आलं नाही, फोनही नाही. मीच चार वेळा फोन केला, तेव्हा पलीकडून एकानं "वयात बसत नाही" एवढं सांगून ठेवून दिला. त्या संध्याकाळी पोराचे वडील शाळेच्या फाटकाशी येऊन थांबले. भाजीचा गाडा लावून येणारा माणूस, माझ्याशी कधी मान वर करून बोलला नव्हता. त्या दिवशी म्हणाला, "सर, म्हंजे आमी खोटं बोललो आसं म्हणत्यात काय?"

मी त्यांना काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. प्रश्न मात्र दहा वर्षं झाली तरी तसाच आहे.

मी शाळेत खेळाचा शिक्षक आणि संध्याकाळी पेठेतल्या तालमीच्या पोरांचा फुटबॉल कोच. आमच्याकडं तालमीत कुस्तीचा आखाडा असतो आणि त्याच तालमीचा फुटबॉल संघही असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं बाहेरच्याला पैलवानांची वाटतील, पण शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला उभं राहायला जागा मिळत नाही. अशा गावात पोरगं संघात घेतलं की नाही हा घराचा प्रश्न असतो, गल्लीचा असतो. दरवर्षी मला चाळीस-पन्नास पोरांतून अठरा काढावे लागतात. त्यामुळं राष्ट्रीय संघाची निवड जाहीर झाली की मी ती बातमी म्हणून वाचत नाही. यादी समोर ठेवतो आणि प्रत्येक नावापुढं, यासाठी कोण राहिला असेल, हे शोधत बसतो.

२०१३ ते २०१७ या चार वर्षांत तर ती यादी आमच्या मैदानापर्यंत आली होती. डिसेंबर २०१३ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचं यजमानपद भारताला मिळालं. स्पर्धा ऑक्टोबर २०१७ ला. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता, पात्रता फेरी खेळायची नव्हती. कुठल्याही वयोगटाच्या फुटबॉल विश्वचषकात भारत पहिल्यांदाच उतरणार होता. अट एकच, जन्म १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा हवा. म्हणजे यजमानपद जाहीर झालं त्या दिवशी ही पोरं जास्तीत जास्त तेरा वर्षांची होती, सातवी-आठवीत शिकत होती. चार वर्षांनी अमेरिका, कोलंबिया, घाना यांच्यासमोर कोण उभा राहू शकेल हे सातवीच्या वर्गात बघून ठरवायचं होतं.

मोठ्यांच्या संघात असं नसतं. अठ्ठावीस वर्षांच्या खेळाडूला घेताना तो आज काय करतो हे बघायचं असतं. तेराव्या वर्षी बघायचं ते अजून झालेलंच नसतं. आणि सतरा वर्षांखालचा विश्वचषक तेव्हा दर दोन वर्षांनी येत असला, तरी एका पोराच्या वाट्याला तो एकदाच यायचा. २००० साली जन्मलेल्याला २०१५ ला लहान म्हणून जागा नसते आणि २०१९ ला वय गेलेलं असतं. "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य कोच रोज वापरतात. मीही वापरतो. या स्पर्धेच्या बाबतीत ते खोटं होतं.

हाडं तपासायची वेळ का आली, हे मी पोरांच्या वडलांना समजावून सांगतो, कारण त्यात आमच्या सगळ्यांचा हात आहे. माझी स्वतःची जन्मतारीख कागदावर १ जून आहे. माझ्या वर्गात आम्ही अकरा जण १ जूनचे होतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना तारीख सांगता यायची नाही, गुरुजी नाव घालताना १ जून लिहायचे. त्यात फसवायचा हेतू नव्हता. पण पुढं खेळात वयाला भाव आला, तसा कागद मुद्दाम वाकवायला सुरुवात झाली. दोन वर्षं लहान दाखवलेला पोरगा चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत गोलांचा पाऊस पाडतो, ढाल आणतो, शाळेचं नाव पेपरात येतं. खऱ्या वयाचा पोरगा त्याच्यासमोर आपटून आपटून खेळ सोडतो. हे मी या मैदानावर डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि हे फक्त आपल्याकडं घडत नाही. २००९ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापासून फिफानं मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली, तेव्हा यजमान नायजेरियालाच ऐनवेळी संघातली कितीतरी पोरं बदलावी लागली होती.

एमआरआयला एक्स-रेसारखे किरण नाहीत, आणि तीत फट जास्त नीट दिसते. फट पूर्ण बुजलेली असेल तरच पोरगा बाद, असा फिफाचा नियम आहे, कारण सतराच्या आत ती पूर्ण बुजणं फार क्वचित घडतं. आपल्याकडं खालच्या पातळीवर एक्स-रेवरच काम चालायचं. मनगट आणि बोटांची तेरा हाडं एकेक बघून प्रत्येकाला गुण देतात, गुणांची बेरीज करून वय काढतात. पद्धत जगभर मान्य आहे. पण ती सांगते ते हाडाचं वय, आणि ऐकणारा ते पोराचं वय समजतो. मधली वर्ष-दोन वर्षांची ढिलाई कुणी लक्षात घेत नाही. खोटा कागद पकडायला लावलेल्या जाळ्यात खरा कागद घेऊन आलेला पोरगा सापडतो, आणि त्याला तुझा कागद खरा आहे असं सांगणारं कुणी नसतं. माझ्या स्टॉपरचं हेच झालं. नियम हवा, याबद्दल मला शंका नाही. पण ज्याला बाहेर काढलं त्याच्या बापाला समोर बसवून दहा मिनिटं बोललं पाहिजे, एवढं तरी माणूस म्हणून करायला हवं होतं.

ही झाली दुसऱ्यांची चूक. आता माझी सांगतो.

२०१४ च्या हिवाळ्यात मला निरोप आला होता, की २००० नंतर जन्मलेली तुमच्याकडची चांगली पोरं चाचणीला पाठवा. तीन पाठवता येणार होती. मी आठवडाभर रोज सकाळी पोरांना खेळवून पाहिलं. माझ्या मनात दोन नावं पक्की होती. एक हा स्टॉपर. दुसरा गोली, तोही उंच. तिसऱ्या जागेसाठी दोघं होते. एक होता आडदांड फॉरवर्ड, बॉल पुढं ढकलायचा आणि धावून गाठायचा. दुसरा होता डावखुरा हाफ, वर्गात पहिल्या बाकावर बसवावा लागे इतका बुटका. उंची चार फूट आठ इंच. त्याचे स्टड दोन नंबर मोठे होते, थोरल्या भावाचे, पुढं कापूस कोंबलेला असायचा. बॉल त्याच्याकडं यायच्या आधी तो एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं मान फिरवायचा. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. कुणीच शिकवलं नव्हतं. आमच्या मैदानावर तेव्हा मोठ्या संघातले खेळाडूसुद्धा बॉल पायात आल्यावर वर बघायचे.

मी फॉरवर्ड पाठवला.

त्या वेळी मला तो निर्णय बरोबर वाटला होता. चाचणीत शंभर-शंभर पोरं येतात. बघणाऱ्याला प्रत्येकासाठी वीस मिनिटं मिळतात. वीस मिनिटांत धाव दिसते, उंची दिसते, धक्का दिसतो. मान फिरवणं दिसत नाही. बघणारे काय बघतील याचा मी विचार केला आणि त्याप्रमाणं पोरगा निवडला. मी माझ्या डोळ्यांनी निवडायला हवं होतं, मी त्यांच्या डोळ्यांनी निवडलं.

त्याची आई दुसऱ्या दिवशी आली. धुण्याभांड्याची कामं उरकून, पदराला हात पुसत. "सर, ह्यो अजून वाढंल की. ह्येचा मामा बी अठरा वर्साचा झाल्यावर वाढला." मी म्हटलं, "हो ताई, वाढेल. पुढच्या वर्षी नक्की बघू." आणि त्या तिघांना स्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा हा पोरगा त्यांच्या पिशव्या उचलायला आला होता. एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा होता.

नंतर कामाच्या निमित्तानं मी यावर वाचायला लागलो. जगभर सगळीकडं हे असंच आहे. वयोगटाची रेघ १ जानेवारीला असली की निवडलेल्या पोरांत जानेवारी-फेब्रुवारी-मार्चचे भरमसाठ सापडतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे शोधावे लागतात. तेराव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक म्हणजे मनगटाएवढा फरक. त्यावर लवकर वाढणारा आणि उशिरा वाढणारा हा दुसरा फरक. माझा स्टॉपर फेब्रुवारीचा आणि लवकर वाढलेला. डावखुरा डिसेंबरचा आणि उशिरा वाढणारा. कागदावर दोघं एकाच वयोगटातले. शरीरं बघितली तर त्यांच्यात चार वर्षांचं अंतर. एकाला मी मोठा म्हणून पाठवला आणि तो मोठा म्हणूनच परत आला. दुसऱ्याला मी लहान म्हणून ठेवला.

बेल्जियमच्या फुटबॉल महासंघानं यावर एक साधा उपाय केला आहे. उशिरा वाढणाऱ्या पोरांसाठी नेहमीच्या राष्ट्रीय संघाच्या जोडीला दुसरा राष्ट्रीय संघ ते चालवतात, त्यांना सामने देतात, वाट बघतात. इंग्लंडच्या अकादम्यांत अधूनमधून वय बाजूला ठेवून वाढीप्रमाणं गट पाडतात आणि त्या गटांत सामने लावतात. यात श्रीमंत देशांनाच जमेल असं काही नाही. लागते ती एक मोजपट्टी, एक वही आणि वाट बघायची तयारी. वाट बघणं आपल्याकडं सगळ्यात अवघड आहे, कारण स्पर्धेची तारीख ठरलेली असते.

भारताच्या त्या संघाचंही तेच झालं. २०१५ पासून निकोलाय अ‍ॅडम या जर्मन प्रशिक्षकाच्या हाताखाली गोव्यात कायमचं शिबिर सुरू होतं. पोरं घर सोडून तिथं राहत होती, परदेश दौरे करत होती. सप्टेंबर २०१६ मध्ये सोळा वर्षांखालची आशियाई स्पर्धा गोव्यातच झाली, तेव्हा मी आंबोलीमार्गे एसटीनं जाऊन सामने पाहिले. आपली पोरं तिसऱ्या सामन्यापर्यंत झुंजली, गोलही केले, पण गटातून पुढं गेली नाहीत. परतीच्या प्रवासात माझ्या मनात येत होतं, की ही पोरं एकमेकांना ओळखून खेळतात, वर्षभरात आणखी बसतील. २०१७ च्या सुरुवातीलाच अ‍ॅडम पद सोडून गेले. मार्चमध्ये पोर्तुगालचे लुईश नॉर्टन द मातोस आले. विश्वचषकाला सात महिने.

त्यांच्या जागी स्वतःला ठेवून मी अनेकदा विचार केला आहे. समोर दोन वर्षं एकत्र राहिलेली पोरं. एकमेकांच्या सवयी माहीत असलेली, घरं सोडून आलेली. आणि बाहेर, देशात कुठंतरी, यांच्याहून चांगली पोरं असतीलच, कारण दोन वर्षांपूर्वी निवडताना ती लहान दिसली असतील. सात महिन्यांत बाहेरचं पोरगं आणलं तर संघाची वीण उसवते. नाही आणलं तर ठाऊक असूनही दुबळा संघ उतरवल्यासारखं होतं. मातोस यांनी दार उघडलं. पंजाबमधल्या मिनर्व्हा अकादमीची पोरं आली. जीक्सन सिंग त्यातलाच, मूळचा मणिपूरचा, सहा फुटांच्या वरचा. अन्वर अली त्यातलाच. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे आला, कॅनडातून गोली सनी धालीवाल आला.

सप्टेंबरमध्ये एकवीस जणांची यादी आली. मी ती वर्तमानपत्रातून कापून शाळेच्या फळ्यावर लावली. नियमानं तीन गोली, म्हणजे खेळायला अठरा. त्यात आठ पोरं एकट्या मणिपूरची. एवढ्याशा राज्यातून आठ, हे मी पोरांना मुद्दाम मोजून दाखवलं. फॉरवर्ड म्हणून दोघंच, रहीम अली आणि आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. त्या दिवशी शाळेत साखर वाटली. बोरिस सिंग यादीत होता पण पहिल्या सामन्याला निलंबित, म्हणजे अमेरिकेविरुद्ध बचावाची फळी वेगळी बांधायची होती. अशा यादीकडं लोक एकवीस नावं म्हणून बघतात. कोचला ती अठरा, मग सतरा, मग कुणाचा घोटा सुजलाय म्हणून सोळा अशी दिसते.

बाहेरून जितकी पोरं आली तितकी शिबिरातली घरी गेली. त्यांची नावं मला कुठं वाचायला मिळाली नाहीत. दोन वर्षं गोव्यात राहिलेला, शाळा बुडवलेला, गावात "वर्ल्ड कपला जाणार" म्हणून ज्याची मिरवणूक निघाली असेल असा पोरगा सात महिने आधी पेटी घेऊन घरी उतरतो. दाराशी पोचल्यावर तो आईला पहिलं वाक्य काय बोलला असेल? मातोस यांचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. त्या पोरांचा विचारही मनातून जात नाही. एक पटलं म्हणून दुसरं सोडून द्यावं असं मला वाटत नाही.

९ ऑक्टोबर २०१७. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध सामना. आम्ही तालमीच्या हौद्याशेजारच्या हॉलमध्ये टीव्ही लावला होता. साठ-सत्तर माणसं, पोरं पुढं मांडी घालून. अमेरिकेशी ३-० नं हरलो होतो, त्यामुळं अपेक्षा फार नव्हत्या. पूर्वार्धात आपल्या राहुलचा फटका खांबाला लागला तेव्हा पाठीमागचा एक म्हातारा पैलवान उठून उभा राहिला आणि मग बसलाच नाही. उत्तरार्धात कोलंबियानं गोल केला. माझ्या शेजारी डावखुरा बसला होता. तो आता पाच फूट सात इंच झाला होता. मामासारखा उशिरा वाढला होता, फक्त आईनं सांगितलेल्या वयाच्या आधी. बारावीचं वर्ष होतं, सकाळी पेपर टाकायचा, संध्याकाळी खेळायचा.

८२ व्या मिनिटाला कॉर्नर. संजीव स्टालिन बॉल ठेवायला गेला. डावखुऱ्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाला, "सर, जीक्सनला कुणी धरलं नाही." बॉल आला, जीक्सन वर गेला, हेड. गोल. भारतानं कुठल्याही फुटबॉल विश्वचषकात केलेला पहिला गोल. हॉलमध्ये काय झालं ते सांगायला शब्द नकोत, कुणाच्या तरी पायाखाली माझा चष्मा गेला. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल केला आणि आपण २-१ नं हरलो. ते मी चष्म्याशिवायच पाहिलं.

रात्री झोप लागली नाही. गोल करणारा पोरगा काही महिन्यांपूर्वी या संघातच नव्हता. दार उघडलं नसतं तर तो कॉर्नर रिकामा गेला असता. आणि ज्यानं बॉल यायच्या आधी जीक्सन मोकळा आहे हे पाहिलं, तो माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता. तो त्या एकवीसमध्ये असता असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. त्याला वीस मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत, आणि ती मिळू नयेत हे मी ठरवलं होतं, एवढं मला पक्कं माहीत आहे.

त्या एकवीस जणांचं पुढं काय झालं हे मी बघत राहिलो. अन्वर अलीच्या हृदयात दोष निघाला, त्याला खेळायला मनाई झाली, तो न्यायालयात गेला, परत उभा राहिला आणि देशाच्या मोठ्या संघात पोचला. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई चषक होता. प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्या सव्वीस जणांच्या यादीत २०१७ चे तिघं होते, अपुइया, सुरेश आणि राहुल. अन्वर आणि जीक्सन जखमी म्हणून बाहेर. बचाव आणि मधली फळी यांचे दोन खांब स्पर्धेआधीच गेले. तीन सामने, ऑस्ट्रेलियाशी २-०, उझबेकिस्तानशी ३-०, सीरियाशी १-०, तिन्ही हरलो, एकही गोल झाला नाही. त्यावर पुष्कळ टीका झाली. मला एवढंच दिसत होतं, की एका जागेसाठी आपल्याकडं दुसरं नाव तयार नसतं. ते नाव दहा वर्षं आधी कुठल्यातरी एसटी स्टँडवर दुसऱ्यांच्या पिशव्या उचलत राहिलेलं असतं. राष्ट्रीय प्रशिक्षकाला आम्ही गावातल्या मास्तरांनी जेवढं पुढं पाठवलं तेवढ्यातूनच निवडायचं असतं.

आता माझ्या वहीत प्रत्येक पोराच्या नावापुढं जन्माचा महिना आहे. दर तीन महिन्यांनी उभी उंची, बसून उंची, वजन. आईवडिलांचीही उंची लिहून ठेवतो, त्यावरून पोरगं कुठवर जाईल याचा अंदाज येतो. आठवड्यातून एक दिवस वयाप्रमाणं नाही तर वाढीप्रमाणं संघ पाडतो. त्या दिवशी लवकर वाढलेल्यांना आपल्याएवढ्यांशी झगडावं लागतं, ढकलून भागत नाही, पाय वापरावे लागतात. बुटक्यांना बॉल मिळतो. सुरुवातीला पालक चिडले. आमच्या मोठ्या पोराला लहान गटात का, लहान पोराला मोठ्यात का, असं चालायचं. आता विचारत नाहीत.

आणि यादी भिंतीवर लावत नाही. जे राहिले त्यांना आधी भेटतो. एकेकाला, मैदानाच्या कडेच्या पायरीवर बसवून. का राहिला ते सांगतो. उंचीमुळं राहिला असेल तर उंचीमुळं, पायामुळं असेल तर पायामुळं. "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणायचं असेल तर पुढच्या वर्षी कुठली तारीख, कुठली स्पर्धा, हे माहीत असल्याशिवाय म्हणत नाही. दोन संध्याकाळी जातात त्यात. काही पोरं रडतात, एक तर उठून सरळ निघून गेला होता. तरीही तसंच करतो.

डावखुरा आता एका बँकेत आहे, सुट्टीच्या दिवशी तालमीच्या संघातून हाफला खेळतो, आणि अजूनही बॉल यायच्या आधी दोन्हीकडं मान फिरवतो. स्टॉपर शहराच्या लीगमध्ये एका पेठेच्या संघाचा कॅप्टन झाला. वडलांचा भाजीचा गाडा तोच बघतो. पहाटे मार्केट यार्डातून माल आणून गाडा लावतो आणि साडेसहाला माझ्या लहान पोरांना हेडिंग शिकवायला येतो. पैसे घेत नाही. मी दोनदा विषय काढला, त्यानं दोनदा बदलला.

गेल्या महिन्यात चौदा वर्षांखालच्या तीन पोरांचे एक्स-रे काढायचे होते. मला शाळेत तपासणी होती म्हणून तो घेऊन जातो म्हणाला. माझं काम लवकर उरकलं तसा मी मागून गेलो. तेच सेंटर, बाकडं बदललेलं. दार अर्धं उघडं होतं. सगळ्यात लहान पोरगा स्टुलावर बसला होता, हात प्लेटवर, आणि बिचकला होता. स्टॉपर त्याच्या शेजारी वाकून उभा होता.

"भैया, डावाच हात का?"

"उजवा कामाचा आसतोय, त्येला मार लागलेला आसतोय. म्हणून सगळ्या जगात डावाच घेत्यात." त्यानं पोराचा अंगठा हळूच बाहेर सरकवला. "ह्यात तुजं हाड किती वाढलंय त्ये दिसंल. तुजा जन्म कवा झाला त्ये तुज्या आईला ठावं हाय, कागदावर हाय. मशीन कायबी सांगू दे, कुणी इचारलं तर तारीख नीट सांगायची, मान खाली घालायची न्हाई. कळलं?"

पोरानं मान हलवली.

"मग बोटं फाक. हलू नको."